लढाऊ प्रतिकृती पाणबुडी

रेडिओ-नियंत्रणावर चालणारी, बुडी मारणारी आणि समोरच्या प्रतिकृती नौकेला खरोखर भोक पाडणारी छोटी पाणबुडी. प्रतिकृती युद्धनौकांच्या झुंजींचा छंद १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील टेक्सासमध्ये सुरू झाला. नौका साधारणतः १:१४४ प्रमाणात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या युद्धनौकांवरून बांधतात. त्यांची बाजू पातळ बाल्सा लाकडाची असते, तोफा कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर पोलादी छर्रे फेकतात आणि पाणी भरलेली नौका तळ गाठते. अशा ताफ्यांत पाणबुडी क्वचितच दिसते, आणि त्याला मुख्यतः वजनाचा हिशेब कारणीभूत आहे.

लांबी १४४ पटींनी घटते, पण वजन तिच्या घनाने, म्हणजे सुमारे तीस लाख पटींनी घटते. जर्मनीची ‘टाइप सात-सी’ पाणबुडी ६७ मीटर लांब होती आणि बुडालेल्या अवस्थेत तिचे वजन ८७१ टन भरे. तिची प्रतिकृती जेमतेम ४७ सेंटिमीटरची होते आणि मोटर, बॅटरी, रिसीव्हर (रेडिओ-संकेत पकडणारा भाग), सर्व्हो (त्या संकेतानुसार सुकाणूसारखे भाग हलवणारी छोटी मोटर), वायूची बाटली, तोफ हे सारे धरून तिला २९० ग्रॅममध्ये बसावे लागते. म्हणून फ्रान्सची ‘सुरकूफ’ किंवा जपानची ‘आय-४००’ अशी मोठी पाणबुडी निवडणे शहाणपणाचे. दुसरीची प्रतिकृती ८५ सेंटिमीटर लांब आणि सव्वादोन किलोच्या आसपास होते. तेवढ्यात हात घालायला तरी जागा मिळते.

यंत्रसामग्री जलरोधक नळीत बसवतात. तिच्या टोकांना ओ-रिंग (रबराचे गोल कडे) आणि पंख्याच्या दांड्याभोवती ग्रीस भरलेले सील असते. टबात दाबून धरल्यावर बारीक बुडबुड्यांची माळ कुठून निघते, ते पाहून गळती सापडते. बुडी दोन प्रकारे मारता येते. टाकीत पाणी घेऊन जागच्या जागी खाली जाता येते. किंवा किंचित तरंगती ठेवलेली पाणबुडी वेगाच्या जोरावर आडव्या पात्यांनी खाली दाबता येते. दुसऱ्या पद्धतीत मोटर थांबली की ती आपोआप वर येते आणि टाकीचे वजनही वाचते. शिशाचे तुकडे तळाशी आणि फोम वर ठेवून तोल साधतात. मात्र वायू संपत जातो तसा तोलही सरकतो.

हल्लीचे २.४ गिगाहर्ट्‌झचे रेडिओ-नियंत्रण संच इथे कुचकामी ठरतात, कारण त्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरांतच विरतात. जुने २७, ४० किंवा ७५ मेगाहर्ट्‌झचे संच गोड्या पाण्याच्या तळ्यात चालतात, खाऱ्यात नाही. संकेत तुटल्यास मोटर बंद व्हावी आणि टाकी रिकामी व्हावी, अशी सोय करून ठेवतात.

पाण्याखालून मारलेल्या पोलादी गोळीचा वेग वितभर अंतरातच निम्म्याहून कमी होतो. त्यामुळे पाणबुडीला जवळजवळ भिडूनच मारावे लागते, आणि सुटलेल्या वायूचे बुडबुडे तिचा ठावठिकाणा लगेच सांगतात. ती स्वतः कशी बुडावी, हा नियम करणाऱ्यांपुढचा अवघड प्रश्न आहे: बाहेरचे कवच मुळात पाण्याने भरलेलेच असेल, तर त्याला पडलेल्या भोकाने काहीच बिघडत नाही. गोळी लागू शकेल असा हवाबंद भाग कवचामागे ठेवला, तरच सामना बरोबरीचा होतो.

छर्रे पाण्यावरून उसळतात. त्यामुळे काठावरच्या प्रत्येकाने, प्रेक्षकांनीही, संरक्षक चष्मा लावणे आवश्यक असते आणि पाण्यात सोडेपर्यंत तोफांना खीळ घातलेली असते.