ऊतक-विभाजन, स्वयंचलित

सीटी किंवा एमआरआय चित्रातला प्रत्येक ठिपका स्नायूचा, चरबीचा की हाडाचा, हे संगणकाकडून ठरवून घेण्याची पद्धत. शरीरात स्नायू किती, चरबी किती आणि ती साठली कुठे, हे त्यावरून मोजतात. वजनकाट्याला हा भेद कळत नाही. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले : दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. ते मोजमाप डेक्सा या क्ष-किरणांच्या यंत्राचे होते. पोटातली चरबी आणि कातडीखालची चरबी नेमकी वेगळी पाहायची तर सीटी किंवा एमआरआयचा आडवा छेदच हवा.

सीटीतल्या प्रत्येक ठिपक्याला हाउन्सफील्ड एककात, म्हणजे क्ष-किरण किती अडले याच्या मापात, एक आकडा असतो. पाणी ०, हवा उणे १०००. स्नायू साधारण उणे २९ ते १५०, कातडीखालची चरबी उणे १९० ते उणे ३०. छेद बहुधा कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी घेतात, कारण तिथले क्षेत्रफळ अंगभरच्या स्नायू-चरबीशी चांगले जुळते. स्नायूंच्या क्षेत्रफळाला उंचीच्या वर्गाने भागले की स्नायू निर्देशांक मिळतो. कर्करोगाच्या रुग्णाची झीज त्यात दिसते, आणि त्यासाठी वेगळा स्कॅन लागत नाही. गाठ पाहायला काढलेलाच चालतो.

आकड्यांच्या चाळणीने काम भागले असते तर ही नोंद इथेच संपली असती. पण आतड्याची भिंत स्नायूच्याच आकड्यांत बसते आणि आतड्यातला मळ कधीकधी चरबीच्या. म्हणून माणसे छेद हाताने रंगवत बसत. फ्रायबुर्ग विद्यापीठातून २०१५ मध्ये आलेल्या यू-नेट या कृत्रिम न्यूरल जाळ्याने परिस्थिती बदलली : ते आकड्याबरोबर आजूबाजूचा आकारही पाहते. बाझलच्या टोटलसेग्मेंटेटर या विभाजन करणाऱ्या संगणक-प्रणालीची पहिली आवृत्ती १२०४ स्कॅन वापरून घडवली. ती १०४ अवयव, हाडे, स्नायू व रक्तवाहिन्या वेगळ्या काढते.

संगणकाने रंगवलेला भाग माणसाने रंगवलेल्या भागाशी किती जुळतो, ही अचूकता डाइस गुणांकाने सांगतात. तंतोतंत जुळले तर १. हा आकडा जरा फसवा आहे. कातडीखालच्या चरबीचा पट्टा रुंद असतो, तिथे कडेची चूक सहज मुरते. स्नायूंमधल्या चरबीच्या बारीक रेघांत तेवढ्याच चुकीने गुणांक घसरतो. शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्टने स्नायूचा आकडा वर सरकतो, सुजेच्या पाण्याने चरबीची सीमा पुसट होते. स्थूल रुग्णाची कूस चौकटीबाहेर कापली गेली, तर तिथली चरबी मोजलीच जात नाही. आणि अगदी कृश रुग्णात पोटाच्या पुढच्या स्नायूची पातळ पट्टी थेट आतड्याला चिकटलेली दिसते. तिथे रेघ कुठे ओढायची यावर दोन अनुभवी रेडिओलॉजिस्टांचेही एकमत होईलच असे नाही.