मनगटी घड्याळाची जलरोध चाचणी

सर्व्हिसिंगला आलेले महागडे मनगटी घड्याळ ग्राहकाच्या हाती परत देण्यापूर्वी त्याच्या केसमध्ये (यंत्राभोवतीच्या बाहेरच्या कवचात) पाणी शिरत नाही ना, हे पाहण्यासाठी जी तपासणी करतात तिला जलरोध चाचणी म्हणतात. कारागिरांच्या बोलण्यात ती ‘प्रेशर टेस्ट’ असते. गळती तर शोधायची, पण शोधता शोधता मशीनला पाणी लागू द्यायचे नाही, ही यातली खरी अडचण. म्हणून आधी हवेने तपासायचे आणि पाण्याकडे शेवटी वळायचे, असा क्रम पडला आहे.

बंदिस्त केसची ख्याती रोलेक्सच्या ‘ऑयस्टर’पासून (१९२६) झाली. ऑक्टोबर १९२७ मध्ये मर्सिडीज ग्लाइट्झ ही जलतरणपटू असे घड्याळ गळ्यात घालून इंग्लिश खाडीच्या थंडगार पाण्यात दहा तासांहून अधिक काळ पोहली आणि घड्याळ चालू राहिले. पुढे पाणबुड्यांसाठी (डायव्हर्ससाठी) घड्याळे निघाली, चावीला फटी बंद करणाऱ्या दुहेरी-तिहेरी रबरी रिंगा आल्या. पण रबर शेवटी रबरच. घाम, साबण, अत्तर, क्लोरीन आणि गरम पाण्याची वाफ यांनी ते कडक होते, चपटते, त्याला चिरा पडतात. पाणी बहुधा चार वाटांनी आत येते: काचेची कड, मागचे झाकण, चावी आणि क्रोनोग्राफची (स्टॉपवॉचची) बटणे. यांपैकी चावी सर्वांत नाजूक, कारण रोज हाताळली जाते ती तीच.

सर्व्हिसिंगमध्ये मशीन बाहेर काढले की केस आणि पट्टा अल्ट्रासॉनिक टाकीत धुतात. खाचांतला मळ निघाल्यावर नव्या रिंगा बसवून त्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देतात. चांगल्या कार्यशाळेत रिकामी केसच आधी तपासून घेतात. दोष इथेच सापडला तर नुकसान काहीच होत नाही. मशीन बसवल्यावर तपासणी पुन्हा होते.

कोरडी चाचणी सर्वांत जास्त वापरली जाते. घड्याळ एका छोट्या कोठीत ठेवून त्याच्या काचेवर अतिसंवेदनशील टोक टेकवतात आणि कोठीतल्या हवेचा दाब वाढवतात किंवा कमी करतात. दाबाने काच काही मायक्रोमीटर वाकते. केस घट्ट असेल तर ती तशीच वाकलेली राहते. गळती असेल तर हवा आत झिरपून दोन्हीकडचा दाब सारखा होऊ लागतो आणि काच हळूहळू मूळ जागी येते. गळती फारच मोठी असेल तर हवा तत्काळ आत शिरते आणि काच वाकतच नाही, म्हणून यंत्राला ‘काहीच हालचाल नाही’ हेही अपयश मानावे लागते. आयएसओ २२८१० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २ बार (१ बार म्हणजे सुमारे १० मीटर पाण्याचा दाब) जादा दाबाला मिनिटाला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक हवा आत जाता कामा नये.

निर्वात दाबाची, म्हणजे कोठीतला दाब कमी करून घेतलेली, फेरी अनावश्यक वाटते, पण ती टाळू नये. जास्त दाबाखाली झाकण आणि काच रिंगांवर घट्ट आवळली जातात, त्यामुळे थकलेली रिंगही तेवढ्यापुरती निभावून नेते. दाब कमी झाला की तिचे खरे रूप उघडे पडते. खोल पाण्यात तगलेले घड्याळ हात धुताना गळते, त्यामागे हेच कारण असू शकते.

गळती आहे हे कोरड्या चाचणीने कळते, कुठून आहे हे कळत नाही. त्यासाठी बुडबुड्यांची चाचणी आहे. अर्धे पाणी भरलेल्या पारदर्शक कोठीत घड्याळ पाण्याच्या वर, हवेत टांगतात. दाब वाढवून काही मिनिटे थांबतात. फट असेल तर दाबाची हवा आत साठते. मग घड्याळ पाण्यात उतरवून दाब अगदी सावकाश कमी करतात आणि साठलेली हवा फटीतून बुडबुड्यांच्या माळेने बाहेर पडू लागते. चावीच्या बुडाशी अशी माळ दिसली की दाब पूर्ण उतरण्याआधीच घड्याळ वर उचलतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त आहे तोवर पाणी आत जात नाही, आणि सारी मदार याच अवधीवर आहे. पट्ट्याच्या सांध्यांत किंवा बेझलखाली (काचेभोवतीच्या कड्याखाली) अडकलेली हवाही फसवे बुडबुडे सोडते, म्हणून पट्टा आधीच काढून ठेवतात. एकाच जागेहून न थांबता येणारी माळच खरी धरायची.

पाणबुड्यांच्या घड्याळांना मात्र प्रत्यक्ष पाण्याखाली तपासावे लागते. आयएसओ ६४२५ प्रमाणे त्यांना तबकडीवर लिहिलेल्या खोलीपेक्षा २५ टक्के जास्त दाब द्यायचा असतो, म्हणजे ३०० मीटरच्या घड्याळाला ३७.५ बार. एवढ्या दाबाची हवा कोंडणे धोक्याचे, म्हणून कोठी पूर्ण पाण्याने भरतात. त्यानंतर घड्याळ ४० ते ४५ अंश सेल्सिअसच्या तव्यावर तापवून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात. साधारण मिनिटाभराने थेंब पुसल्यावर काचेच्या आतून धुके दिसले तर आत ओल आहे. ही ओल गळतीचीच असते असे नाही. मुंबईतल्या जुलैच्या दमट हवेत, हवा कोरडी न ठेवलेल्या खोलीत झाकण लावले तरी ती आत कोंडली जाते.

चाचणीचा निकाल त्या दिवसाच्या रिंगांपुरता असतो. पोहणाऱ्याने वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी, आणि मधे कुठे बॅटरी बदलण्यासाठी झाकण उघडले असेल तर लगेच. जुन्या घड्याळांचा प्रश्न अधिक अवघड आहे. झाकणाची खाच गंजाने खवली असेल किंवा चावीच्या नळीचे आटे झिजले असतील तर नवी रिंग घालूनही केस धरत नाही. नळी बदलता येते. केस बदलली तर घड्याळाचे मूळपण जाते, त्यामुळे अनेक मालक ती तशीच ठेवतात आणि कार्यशाळा पावतीवर जलरोधाची हमी नसल्याचे लिहून देते.