निस्तेजपणाचे इंग्रजी शब्द

रंग उडणे, अंग बधिर होणे आणि मनाला मरगळ येणे या अवस्था सांगणारा इंग्रजीतील शब्दसमूह. 'डल', 'नम', 'ड्रॅब', 'वॉन', 'टॉर्पिड' हे त्यातले ठळक शब्द. समानार्थी कोशात ते शेजारी शेजारी येतात, पण त्यांची कुळे निराळी आहेत आणि त्यांतले बरेचसे एखाद्या साध्या, हाताला लागणाऱ्या गोष्टीतून आलेले आहेत.

'डल'चा सर्वांत जुना अर्थ 'मंदबुद्धी' हा होय. बोथट पाते, मळकट रंग, सतत जाणवणारे बारीक दुखणे आणि कंटाळवाणे भाषण हे अर्थ पुढे जोडले गेले. जर्मनमधला 'टोल' हा त्याचा भाऊबंद. 'वेडा' या अर्थाचा तो शब्द आज बोलीत 'झकास' म्हणून वापरला जातो.

या समूहातला सर्वांत विलक्षण प्रवास 'वॉन'चा आहे. आज तो आजारी माणसाच्या फिकट चेहऱ्यासाठी येतो. प्राचीन इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ 'काळसर' असा होता; 'बेवुल्फ' या महाकाव्यात तो डोमकावळ्याचे विशेषण आहे. काळ्याचा फिकट कसा झाला? प्राचीन इंग्रजीतले रंगवाचक शब्द छटेपेक्षा चकाकीकडे अधिक पाहत, असे अनेक अभ्यासकांनी दाखवले आहे. तेज नसणे हा मूळ अर्थ धरला, तर काळोखी लाट आणि रक्त उतरलेला चेहरा दोन्ही त्यात बसतात. हे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे.

'नम' म्हणजे बधिर. 'घेणे' या अर्थाच्या जुन्या क्रियापदाचे ते भूतकाळवाचक रूप: थंडीने किंवा दुखण्याने ताब्यात घेतलेला. याच क्रियापदापासून 'निंबल', म्हणजे चपळ, हा शब्द निघाला. चटकन घेणारा तो चपळ. एकाच धातूतून सुन्न आणि चपळ असे दोन्ही अर्थ यावेत, ही भाषेची मोठी सुंदर किमया आहे. 'नम'च्या शेवटी लिहिले जाणारे, पण न उच्चारले जाणारे 'ब' हे अक्षर नंतर चिकटले. 'नमस्कल', म्हणजे मठ्ठ, या शब्दाच्या रूढ लेखनात ते आजही नसते.

'ड्रॅब' हा कापडातून आला. फ्रेंच 'द्रा' म्हणजे कापड. इंग्रजीत तो न रंगवलेल्या कापडाला आणि मग त्याच्या मातकट रंगाला लागला. नीरस आयुष्याला 'ड्रॅब' म्हणणे त्यानंतरचे. 'बेज' हाही असाच न रंगवलेल्या लोकरीचा शब्द. मातकट रंगाला लष्करात मान मिळाला तो भारतात. 1846 साली पेशावरला उभारलेल्या 'कोअर ऑफ गाइड्स' या पलटणीत ब्रिटिश अधिकारी हॅरी लम्सडेनने खाकी गणवेश आणला. 'खाक' म्हणजे धूळ. पुढे अमेरिकी सैन्याचा हिरवट मातकट रंग 'ऑलिव्ह ड्रॅब' या नावाने ओळखला गेला.

'टॉर्पिड' म्हणजे सुस्त, जड झालेला. त्याच लॅटिन धातूवरून रोमन लोक विजेचा झटका देणाऱ्या एका माशाला 'टॉर्पेडो' म्हणत, कारण त्याच्या स्पर्शाने हात बधिर होई. पहिल्या शतकातला वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने गाउट या सांध्यांच्या आजाराच्या वेदनेवर, पाय गुडघ्यापर्यंत सुन्न होईतो या जिवंत माशावर उभे राहण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. ग्रीकांमध्ये हाच मासा 'नार्के', म्हणजेच बधिरता. 'नार्कोटिक' तिथून आला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी संशोधक रॉबर्ट फुल्टनने पाण्यातल्या सुरुंगाला 'टॉर्पेडो' म्हटले आणि माशाचे नाव युद्धनौकांच्या शत्रूला मिळाले.

मराठी बोलण्यात या परिवारातले मोजकेच शब्द रुळले: बाजार 'डल' असतो, परीक्षेत डोके 'ब्लँक' होते, जीन्सचा रंग 'फेड' होतो. 'ब्लँक' हा मुळात 'पांढरा' या अर्थाचा फ्रेंच शब्द. 'फेड'ही फ्रेंचमधलाच, तिथे 'फाद' म्हणजे बेचव, आणि आळणी जेवणाला आजही तोच शब्द वापरतात.