पीसीआर पॉझिटिव्ह डास: बाधित की संक्रमणक्षम?

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत पावसाळ्यात भातखाचरांत आणि चिरेखाणींच्या खड्ड्यांत पाणी साचते, आणि ॲनॉफिलीस डासांची पैदास वाढते. संध्याकाळी गोठ्यात विजेरीच्या उजेडात नळीने पकडलेल्या डासांचा अहवाल ‘पीसीआर पॉझिटिव्ह’ आला, म्हणजे डीएनए चाचणीत त्यांच्यात हिवतापाचा परजीवी आढळला, की ते डास हिवताप पसरवत आहेत असे सर्रास धरले जाते. मात्र डास बाधित असणे, म्हणजे अंगात परजीवी असणे, वेगळे आणि संक्रमणक्षम असणे, म्हणजे चाव्यातून तो पसरवू शकणे, वेगळे.

रुग्णाच्या रक्ताबरोबर परजीवी मादीच्या पोटात जातो, जठराच्या भित्तीवर त्याच्या ऊसिस्ट नावाच्या गाठी वाढतात आणि त्या फुटल्यावर स्पोरोझोइट, म्हणजे माणसाला बाधा करणारी परजीवीची अवस्था, लाळग्रंथींत पोहोचतात. तोपर्यंत त्या मादीच्या चाव्यातून हिवताप होत नाही. उबदार हवेत यास साधारण ८ ते १४ दिवस लागतात आणि त्याआधीच अनेक माद्या मरतात. डासांतील हिवतापाचा शोध लावणारे डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली सिकंदराबादेत परजीवी दिसला तो जठराच्या भित्तीत. लाळग्रंथींपर्यंतचा मार्ग त्यांनी १८९८ मध्ये कोलकात्यात, पक्ष्यांच्या हिवतापावर काम करताना दाखवला.

पीसीआर परजीवीच्या जनुकाचा, बहुधा १८एस आरआरएनए जनुकाचा, एक तुकडा लाखो पटींनी वाढवतो आणि त्यावरून परजीवीची जात व्हायव्हॅक्स की फाल्सिपेरम हेही कळते. परंतु तो डीएनए लाळग्रंथींतला आहे, की कालच प्यायलेल्या रक्तातला, हे अख्खा डास वाटून केलेल्या चाचणीत कळत नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली डोके-छाती (लाळग्रंथी याच भागात असतात) आणि पोट वेगळे कापून दोन नळ्यांत ठेवतात, आणि प्रत्येक डासासाठी पाते बदलतात किंवा स्वच्छ करतात. पोटाचा अंश छातीला चिकटून राहिला, तर निष्कर्ष फसतो. कोकणातल्या दमट हवेत नमुना टिकवणेही जिकिरीचे आहे. नमुन्याच्या कुपीतले ओलावा शोषणारे सिलिका जेलचे निळे मणी गुलाबी झाले, की ते ताबडतोब बदलावेच लागतात.

एलायझा चाचणी डीएनए न शोधता स्पोरोझोइटच्या आवरणावरील प्रथिन शोधते, त्यामुळे ती संक्रमणक्षमतेच्या अधिक जवळ जाते. तथापि गुरांचे रक्त पिणाऱ्या डासांत ती कधी कधी खोटी पॉझिटिव्ह येते, आणि गोठ्यातले डास तर प्रामुख्याने तसेच असतात. अशा वेळी डासाचा अर्क १०० अंश सेल्सिअसला १० मिनिटे तापवून चाचणी पुन्हा करतात, कारण खरे प्रथिन उष्णतेत टिकते. माझ्या मते, कोणता भाग तपासला हे न लिहिलेल्या अहवालावरून गावातल्या संक्रमणाचा अंदाज बांधू नये.