मांडवाचा खांब वाकडा का दिसतो?

लग्नाची जुनी व्हीएचएस कॅसेट लावा आणि माणसांकडे न बघता मांडवाच्या खांबाकडे बघा. खांबाची कड थरथरत असते. पडद्याच्या वरच्या टोकाला तर तो चक्क एका बाजूला कलतो. टीव्हीवर बघताना आपण हे ‘कॅसेट जुनी झाली’ म्हणून सोडून देतो. कॅसेट डिजिटल करायला घेतली, की मात्र पैसे कुठे घालायचे आणि सॉफ्टवेअरकडून किती अपेक्षा धरायची, हे त्या खांबावरूनच कळतं.

व्हीसीआरच्या पोटात 62 मिलिमीटर व्यासाचा एक चकचकीत ड्रम असतो आणि त्याच्या कडेला टेपवरचं चित्र वाचणारी बारीक हेड बसवलेली असतात. भारतातल्या टीव्हीच्या पाल पद्धतीत हा ड्रम मिनिटाला 1500 फेरे घेतो. टेप सेकंदाला जेमतेम 23.39 मिलिमीटर सरकते, पण हेड तिच्यावरून सेकंदाला सुमारे 4.8 मीटर वेगाने तिरकं धावतं. चित्राची एक ओळ 64 मायक्रोसेकंदांची, म्हणजे टेपवर साधारण 0.31 मिलिमीटर लांब. डिजिटल चित्रात या ओळीच्या दिसणाऱ्या भागाचे 720 ठिपके होतात, तेव्हा एका ठिपक्याच्या वाट्याला टेपचा फक्त 0.36 मायक्रॉन येतो. हे अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. टेप एवढीशी ताणली गेली किंवा रोलर किंचित अडखळला, तरी ती ओळ एक ठिपका सरकते. अशा शेकडो ओळी आपापल्या परीने सरकल्या, की खांब लहरतो.

जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही ही चूक पोटात घालत, कारण ट्यूबमधला किरण येणाऱ्या ओळीच्या मागे मागे धावत असे. व्हीसीआरचं चित्र संगणकात उतरवणारं कॅप्चर यंत्र तसं करत नाही. त्याला ओळ ठरलेल्या वेळी हवी असते. ओळी फारच भरकटल्या, तर ते अख्खी फ्रेम, म्हणजे एक पूर्ण चित्रच, टाकून देतं, आणि मग आवाज व ओठ यांची फारकत होते.

पण व्हीसीआर चालू करण्याआधी कॅसेट उजेडात धरा. खिडकीतून टेपच्या गुंडाळीची बाजू दिसते. तिच्यावर टॉर्चचा झोत तिरका पाडा. गुंडाळी निरोगी असेल तर एकसारखी काळी, गुळगुळीत दिसते. पांढरट ठिपके किंवा कापसासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबईत आणि कोकणात, जिथे पावसाळ्यात लाकडी कपाटांनाही बुरशी येते, तिथे अशा कॅसेट घरोघरी सापडतात. अशी एक कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली, की बुरशी हेडवर चिकटते, चित्रात मुंग्या येतात, आणि पुढे घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटलाही तिचा प्रसाद मिळतो.

बुरशी ओली असताना पुसू नका, ती फासली जाते. कॅसेट झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात भरपूर सिलिका जेलसोबत काही दिवस ठेवा. बुरशी वाळून भुकटी झाली, की टेप हळूहळू गुंडाळत, धागे न सुटणाऱ्या मऊ कापडाच्या दोन घड्यांमधून दोन्ही बाजूंनी न्यावी लागते. कापड सारखं बदलायचं. हे काम घराबाहेर आणि एन-95 मास्क लावूनच करा, कारण ती भुकटी फुफ्फुसांना त्रास देते. यासाठी वापरलेला जुना व्हीसीआर किंवा रिवाइंडर पुन्हा चांगल्या कॅसेटसाठी वापरायचा नाही. टेप एकच असेल आणि हात बसलेला नसेल, तर हे काम जाणकाराकडे द्यावं. कवच फुटलं किंवा स्प्रिंग गेली असेल तर प्रश्न सोपा आहे: मागचे पाच स्क्रू काढून टेपच्या दोन्ही चकत्या दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात बसवता येतात. कवच उघडताच, काही हलवण्याआधी, टेप आतल्या कोणत्या दांडीमागून कशी वळते याचा फोटो काढून ठेवा. आणि हो, कॅसेटच्या पाठीवरची रेकॉर्डिंगची प्लास्टिकची खुंटी आधी मोडून टाका. चुकीचं बटण दाबलं तरी मग काही पुसलं जात नाही.

आता व्हीसीआर. व्हीएचएस व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, 2016 मध्ये थांबली. त्यामुळे जे मिळेल ते वापरलेलंच. निवड करताना आधी यांत्रिक अंग बघा, मग बटणं. टेप पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरचं रबर कडक आणि चकाकतं झालं असेल तर टेप घसरते. बेल्ट सैल झाला असेल तर व्हीसीआर टेप बाहेर ओढून घेतो आणि परत गुंडाळत नाही, मग ती आतच चुरगळते. म्हणून पहिली कॅसेट नेहमी बिनकामाची लावावी. हेड पुसायला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं शॅमॉय लेदर ड्रमला स्थिर टेकवा आणि ड्रम हाताने गोल फिरवा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं. कानातल्या कापसाच्या काड्या वापरू नका, धागा अडकून तेच होतं.

शक्य असेल तर एस-व्हीएचएस, म्हणजे सुधारित व्हीएचएस, जातीचा व्हीसीआर घ्यावा. व्हीएचएस टेपवर उजेडाची आणि रंगाची माहिती मुळातच वेगवेगळी ठेवलेली असते. साध्या व्हीसीआरची पिवळी पिन त्या दोन्ही एकत्र कालवते आणि कॅप्चर यंत्राला त्या पुन्हा वेगळ्या कराव्या लागतात. या उलाढालीत रंगाच्या कडांवर ठिपक्यांची रांग चालू लागते. एस-व्हिडिओची गोल पिन हे कालवणंच टाळते.

काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये, उदाहरणार्थ पॅनासॉनिकच्या एनव्ही-एफएस200 मध्ये, टाइम बेस करेक्टर असतो. तो प्रत्येक ओळ क्षणभर स्मृतीत धरतो आणि अचूक ठोक्यावर बाहेर सोडतो, म्हणून खांब सरळ होतो. असा व्हीसीआर मिळाला नाही तर एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडावा. पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस10 यासाठी प्रसिद्ध आहे. त्यात काही रेकॉर्ड करायचं नाही, फक्त चित्र त्याच्यातून पुढे जाऊ द्यायचं. तो चेहऱ्यावरचा बारीकसा पोत थोडा गुळगुळीत करतो, पण वाकलेलं चित्र सरळ होण्याच्या बदल्यात हा तोटा परवडतो. आमचं मत स्पष्ट आहे: हाती मोजकेच पैसे असतील तर ते व्हीसीआर आणि ओळी सरळ करणाऱ्या या पायरीवर घाला. ओळी वाकड्या असतानाच चित्र संगणकात गेलं, तर ती वक्रता नंतर कोणत्याही संपादनाने नीट निघत नाही.

कॅप्चर यंत्र त्यामानाने स्वस्त असतं. आय-ओ डेटाचं जीव्ही-यूएसबी2 किंवा हॉपॉजचं यूएसबी-लाइव्ह2 पुरेसं आहे, दोन्हींना एस-व्हिडिओची जागा आहे. बाजारात पैशाला पासरी मिळणारे ‘एव्ही टू एचडीएमआय’ डबे मात्र टाळा. पाल चित्रात सेकंदाला 50 अर्धचित्रं असतात: एकात एकाआड एक ओळी, दुसऱ्यात उरलेल्या, आणि दोन मिळून एक फ्रेम. हे डबे ती ओबडधोबड जोडतात आणि बहुतेक वेळा 60 च्या ठेक्यावर बाहेर सोडतात, म्हणून वरातीतला नाच झटके खात दिसतो.

कॅप्चरसाठी व्हर्च्युअलडब हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं. आकार 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, रंग 4:2:2, आणि कोडेक (चित्र आवळून साठवण्याची पद्धत) हफवाययूव्ही किंवा लॅगरिथ, म्हणजे काहीही न गमावणारा. तासाला साधारण 30 ते 40 जीबी लागतात, तीन तासांच्या कॅसेटला शंभराच्या आसपास. आवाज आणि चित्र एकाच यंत्रातून घ्या. चित्र एका घड्याळावर आणि आवाज साउंड कार्डच्या दुसऱ्या घड्याळावर घेतला, तर तासाभरात मंगलाष्टकं आणि ओठ यांचा मेळ सुटतो. टाकलेल्या फ्रेमचा आकडा शून्याजवळ राहतोय ना, यावर डोळा ठेवा.

सुरुवातीची दोन मिनिटं उजेड नीट लावण्यात घाला. त्या काळचं शूटिंग हॅलोजनच्या झोतात होई. नवरदेवाचा पांढरा फेटा आधीच भाजलेला असतो. कॅप्चरमध्ये कॉन्ट्रास्ट आणखी वाढला तर फेट्याच्या घड्या कायमच्या जातात. सॉफ्टवेअरमधल्या उजेडाच्या आलेखात (हिस्टोग्राममध्ये), 0 ते 255 च्या मापावर, पांढऱ्याचं टोक 235 च्या आत राहील एवढा तो कमी करा.

दुरुस्ती नेहमी प्रतीवर. पहिली पायरी अर्धचित्रं उलगडण्याची. अ‍ॅव्हिसिंथ या मोफत सॉफ्टवेअरमधलं क्यूटीजीएमसी हे काम फार सुरेख करतं आणि सेकंदाला पूर्ण 50 फ्रेम देतं. वेळ कमी असेल तर एफएफएमपेग या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरचं बीडब्ल्यूडीआयएफ वापरा. चित्रातली माणसं एक पाऊल पुढे, एक मागे अशी थरथरली, तर दोन अर्धचित्रांचा क्रम उलटा लागला आहे. चित्राच्या तळाशी आठ-दहा ओळींचा खरबरीत पट्टा दिसतो, तिथे एक हेड संपून दुसरं सुरू होतं. तो कापू नका, काळ्याने झाका, म्हणजे आकार बिघडत नाही. शालूचा लाल रंग काठाबाहेर सांडलेला दिसतो, कारण व्हीएचएसवर रंगाचा बारकावा उजेडाच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याइतका असतो. प्रतीवरून प्रत काढताना तो रंग खालीही घसरतो. एक-दोन ओळी वर ढकलला की बराच जागेवर येतो.

चेहरे ‘स्वच्छ’ करणाऱ्या एआय साधनांबद्दल सावध राहा. आजीचा चेहरा मूळ चित्रात चाळीस ओळींचा असेल, तर तिच्या डोळ्यांच्या सुरकुत्या टेपवर नाहीतच. ते साधन त्या सुरकुत्या कल्पनेने काढतं, आणि पडद्यावर आजीसारखी दिसणारी दुसरीच बाई येते. करायचंच असेल तर वेगळी फाइल करा आणि तिच्या नावात तसं लिहा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट एनटीएससी पद्धतीच्या असतात: 525 ओळी, सेकंदाला 29.97 फ्रेम. आपल्याकडचे बरेच व्हीसीआर त्या ‘चालवतात’, पण बाहेर पाल-60 नावाचा संकर काढतात आणि कॅप्चर यंत्र काळंपांढरं चित्र दाखवतं. अशा कॅसेट खऱ्या एनटीएससी व्हीसीआरवरच कराव्यात, जमलं तर तिकडेच.

काम झालं तरी कॅसेट टाकू नका. व्हीएचएस-डीकोड या मुक्त प्रकल्पात हेडवरून येणारा कच्चा सिग्नलच नोंदवून पुढचं सगळं सॉफ्टवेअरने उलगडतात, टाइम बेसची दुरुस्तीसुद्धा. त्यासाठी व्हीसीआर उघडून तार जोडावी लागते आणि साध्या कॅप्चरपेक्षा डिस्कही जास्त लागते. आज ते जमलं नाही, तरी कॅसेट रिवाइंड करून, उभी, कोरड्या जागी ठेवलेली असली, तर ती वाट उघडी राहते.