योग तब्येतीसाठी करायचा, हे कधीपासून?

कुणाची पाठ धरली, बीपी वाढलं, रात्री झोप लागत नाही असं नुसतं म्हटलं तरी समोरचा लगेच सांगतो, "योगा चालू कर". हे इतकं अंगवळणी पडलंय की योग पहिल्यापासून तब्येतीसाठीच होता असं वाटतं. तसं नाहीये, आणि मधे काय काय झालं ते माहीत असलं तर कुठल्या फायद्यावर किती विसंबायचं हेही कळतं.

पतंजलींची योगसूत्रं दोनशेच्याही आत, त्यातली थेट आसनाबद्दलची जेमतेम तीन, आणि ती पण स्थिर आणि सुखाने बसता यावं एवढ्यापुरती. सगळं लक्ष मनावर. पण पहिल्याच पादात, म्हणजे प्रकरणात, एक जागा आहे जी मला फार मोलाची वाटते. साधनेतले अडथळे सांगताना पहिलं नाव व्याधीचं येतं, आणि लगेच पुढच्या सूत्रात विखुरलेल्या मनाबरोबर काय काय येतं ते सांगितलंय, दुःख, खिन्नता, अंगाचा कंप आणि बिघडलेला श्वास. आज टेन्शनमधे असलेल्या माणसाकडे बघा, हेच दिसेल!

शरीराला महत्त्व आलं ते हठयोगात. साधारण पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत पंधरा आसनं आहेत, आणि आसनांनी स्थैर्य, आरोग्य आणि अंगाचा हलकेपणा येतो असं सरळ म्हटलंय. अमुक आसनाने पोटाचे रोग जातात वगैरे दावेही तिथलेच. पण तेव्हा तपासणार कोण, गुरूने सांगितलं आणि शिष्याने केलं, आणि शेवटचं ध्येय मोक्षच होतं.

खरं वळण आलं ते शंभरेक वर्षांपूर्वी, आणि तेही आपल्या महाराष्ट्रात. गुजरातेत नर्मदाकाठच्या मालसरला परमहंस माधवदास म्हणून योगी होते, त्यांच्या दोन शिष्यांनी योग मठातून बाहेर आणला. एक श्री योगेंद्र, त्यांनी 1918 साली मुंबईत वर्सोव्याला द योगा इन्स्टिट्यूट काढली, साध्या संसारी माणसांसाठी. दुसरे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, आणि या माणसाबद्दल थोडं जास्त लिहिणार, कारण त्यांचं नाव आज फार कमी लोक घेतात. अमळनेरला कॉलेजात शिकवत असताना त्यांना प्रश्न पडला की योगाच्या क्रिया केल्यावर शरीरात नेमकं होतं काय, मग नुसतं मानून न बसता त्यांनी 1920 च्या सुमारास बडोद्याच्या सरकारी हॉस्पिटलमधे उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढणं) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) करताना एक्सरे काढून बघितले, आतला दाब मोजला, तर नौली करताना मोठ्या आतड्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो असं दिसलं. 1924 ला लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झालं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिकही, ज्यात हे सगळे प्रयोग छापले जायचे. योग मोजता येतो, ही कल्पना त्यांनी रुजवली.

म्हैसूरला कृष्णमाचार्य राजवाड्यातल्या योगशाळेत शिकवत होते. त्यांचे शिष्य बी. के. एस. अय्यंगार लहानपणी सतत आजारी असायचे, 1937 साली ते पुण्याला आले आणि तिथलेच झाले. पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची असे आधार वापरून दुखणाईत माणसालाही आसन करता येतं हे त्यांनी दाखवलं, आणि योगाचा उपचार म्हणून जो प्रसार झाला त्यात याचा वाटा खूप मोठा आहे.

मोजायला लागल्यावर काही दावे गळून पडले आणि ते बरंच झालं. योगी हृदय थांबवतात असं म्हणायचे, 1957 च्या सुमारास दिल्लीचे डॉ. बी. के. आनंद आणि अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी ईसीजी लावून बघितलं तर नाडी लागत नव्हती पण हृदय चालूच होतं, श्वास रोखून छाती आवळल्यामुळे तसं वाटायचं. उलट ज्यात चमत्कार काहीच नाही ते शवासन टिकलं. 1969 साली मुंबईच्या डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी बीपीच्या पेशंटना शवासन शिकवलं, तेव्हा बऱ्याच जणांचं बीपी उतरलं आणि काहींच्या गोळ्याही कमी करता आल्या. पुढे 1979 मधे अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखणी आणि स्ट्रेससाठी जो कोर्स काढला त्यात ध्यानाबरोबर हठयोगाची आसनंही होती.

कंबरदुखीचं चित्र आता बरंच स्पष्ट आहे. 2011 साली आलेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलमधे योग करणारे, नुसतं स्ट्रेचिंग करणारे आणि पुस्तक वाचून स्वतःच काळजी घेणारे असे गट होते, योगवाले पुस्तकवाल्यांपेक्षा चांगले निघाले पण स्ट्रेचिंगवाल्यांच्या बरोबरीत राहिले. मला यात योगाचा कमीपणा वाटत नाही, हळूहळू लक्ष देऊन शरीर ताणण्यात गुण आहे एवढंच दिसतं.

मनाच्या बाबतीत मोजणं जास्त अवघड. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत डिप्रेशन आणि स्किझोफ्रेनियाच्या पेशंटवर बरीच वर्षं काम चाललंय, पण गोळीच्या ट्रायलमधे तुलनेसाठी काही जणांना नुसती साखरेची गोळी देता येते, तशी योगात खोटी आसनं कशी देणार, करणाऱ्याला कळतंच की आपण योग करतोय. म्हणून उदासी, चिंता कमी होते असं अनेक अभ्यासांत दिसत असलं तरी त्यात किती वाटा आसनांचा, किती श्वासाचा आणि किती रोज चार माणसांबरोबर एका ठिकाणी जाऊन बसण्याचा, हे वेगळं काढायचं काम अजून चालूच आहे, आणि तोवर डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू ठेवून जोडीला योग, असंच करायला हवं.