आयुकाची व्हिजिटिंग असोसिएटशिप: महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी अर्ज कसा करावा

जिल्ह्याच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाची पीएच.डी. कृष्णविवरांवर किंवा विश्वरचनाशास्त्रात झालेली असते, आणि विभागात त्या विषयावर चार शब्द बोलायला दुसरं कुणी नसतं. अशा माणसाचं संशोधन दोन-तीन वर्षांत थांबतं. पुण्याच्या आयुकाची, म्हणजे खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीच्या आंतरविद्यापीठ केंद्राची, व्हिजिटिंग असोसिएटशिप ही योजना त्यांच्यासाठीच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये ही संस्था स्थापन केली. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. देशभरातल्या विद्यापीठांना वापरता येईल असं सामाईक केंद्र उभं करायचं, हा तिचा मूळ हेतू.

अर्ज करता येतो तो भारतातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांना. विद्यार्थ्यांनी स्वतंत्र अर्ज करायचा नसतो; मार्गदर्शक असोसिएट झाले की त्यांच्या संशोधक विद्यार्थ्यांनाही आयुकात येऊन काम करण्याची वाट मोकळी होते. माझ्या मते योजनेचा सर्वांत मोठा फायदा हाच, कारण एकाच्या निवडीमुळे पूर्ण विभागात विषय रुजतो.

निवड तीन वर्षांसाठी होते आणि मुदत १ ऑगस्टपासून मोजतात. या काळात आयुकात येऊन राहायचं, तिथल्या शास्त्रज्ञांबरोबर काम करायचं, ग्रंथालय आणि संगणक वापरायचे. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च आयुका नियमांनुसार करते. ही नोकरी नव्हे. पगार आपल्याच महाविद्यालयाचा सुरू राहतो.

वर्षातून एकदा अर्ज मागवले जातात. जाहिरातीत मागितलेले कागद हेच प्रमाण, पण नियुक्तीचा आदेश, पीएच.डी.चं प्रमाणपत्र, अद्ययावत बायोडेटा, शोधनिबंधांची यादी आणि संशोधनाचा आराखडा आधीच तयार ठेवावा. प्राचार्यांची संमतीही लवकर घ्यावी. तासिका कोण घेणार, कर्तव्य रजा मिळणार का, हे प्रश्न निवड झाल्यावर काढले तर पहिलं वर्ष पत्रव्यवहारातच जातं.

खरी मेहनत घ्यायची ती आराखड्यावर. ‘कृष्णविवरांचा अभ्यास’ एवढंच लिहून भागत नाही. त्याऐवजी, समजा अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय खगोल उपग्रहाची निरीक्षणं वापरायची असतील, तर असं लिहावं: ‘जीआरएस १९१५+१०५ या जोडताऱ्याची अ‍ॅस्ट्रोसॅटच्या लॅक्सपीसी उपकरणाने केलेली, आता सर्वांसाठी खुली असलेली निरीक्षणं घेऊन त्याच्या क्ष-किरणांतली जलद दोलनं तपासणार, पहिल्या उन्हाळी सुट्टीत विदेचं (डेटाचं) विश्लेषण शिकणार, दुसऱ्या सुट्टीत वर्णपट जुळवणार.’ यात स्रोत आहे, उपकरण आहे, विदा कुठून येणार ते आहे आणि शिकवण्याच्या वेळापत्रकात बसणारा क्रम आहे. वाचणाऱ्याला लगेच कळतं की हे काम होण्यासारखं आहे.

अ‍ॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेला. त्यावरच्या सीझेडटीआय या क्ष-किरण उपकरणाच्या विदेवर आयुकात प्रक्रिया होते आणि नव्या वापरकर्त्यांना मदत करणारा कक्षही तिथेच आहे. क्ष-किरणांच्या विश्लेषणासाठी लागणारं हीसॉफ्ट हे सॉफ्टवेअर नासा मोफत देते, साध्या लॅपटॉपवरही ते चालतं. विश्वरचनाशास्त्रात काम करणाऱ्यांना विश्वाच्या आरंभीचं प्रारण मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाची आणि पँथिऑन प्लस संचातल्या अधिनवताऱ्यांची (सुपरनोव्हांची) विदा खुली आहे. म्हणजे महागड्या प्रयोगशाळेवाचून आराखडा अडायला नको. निव्वळ सैद्धांतिक काम असेल, तर आयुकातल्या कुणाच्या कामाशी ते जुळतं हे त्यांचे अलीकडचे निबंध वाचून ठरवावं आणि अर्जाआधी त्यांना थेट ईमेल करावा. संकोच करू नये. विद्यापीठांतल्या शिक्षकांबरोबर काम करणं हा त्या संस्थेच्या कामाचाच भाग आहे.

मराठवाड्यातल्या प्राध्यापकांना आणखी एक सांगतो. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. आयुका या प्रकल्पातल्या मुख्य संस्थांपैकी एक. गुरुत्वीय लहरींच्या विदा-विश्लेषणाचा विषय घ्यायचा असेल तर वेधशाळा सुरू होण्याची वाट पाहू नका. अमेरिकेतल्या लायगोची विदा आजच खुली आहे, तिच्यावर हात बसवता येतो.

पुण्याला वारंवार येणं जमत नसेल, तर आयुकाने काही विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत उभी केलेली इकार्ड, म्हणजे खगोलशास्त्र संशोधन आणि विकासाची, केंद्रं आहेत. कोची, उत्तर बंगाल आणि दिल्ली विद्यापीठांत ती आहेत, तशी पुण्यातल्या फर्ग्युसन महाविद्यालयातही.

तीन वर्षं संपल्यावर मुदत वाढवून मिळू शकते. त्यासाठी भेटींच्या तारखा, झालेलं काम आणि निबंध यांची नोंद पहिल्या भेटीपासून ठेवावी, आणि आयुकात झालेल्या कामावरच्या प्रत्येक निबंधात आभाराची ओळ न विसरता घालावी.